माळढोक आणि सातबाराचा उतारा



सोलापूरहून बार्शीच्या रस्त्याने उत्तरेकडे निघाले म्हणजे वीसेक किलोमीटरवर नान्नज नावाचे गाव लागते. गावाबाहेर उघडा माळ आहे. नवख्या माणसाला तेथे पाहण्याजोगे काहीच दिसावयाचे नाही. मुरमाड जमीन, गुडघाभर गवत, अधूनमधून बोरी-बाभळीची झुडपे आणि कडेला ज्वारी, करडई, भुईमूग अशी कोरडवाहू पिके. परंतु याच माळाने गेल्या अर्धशतकात आपल्या कायद्यापुढे एक मोठा पेच उभा केला. त्या पेचाचा इतिहास आज मला आपणांस सांगावयाचा आहे.

या माळाचा मूळ रहिवासी म्हणजे माळढोक. सुमारे मीटरभर उंच, नराचे वजन बारा-चौदा किलोपर्यंत जाणारे. उडू शकणाऱ्या पक्ष्यांत इतके वजनदार पक्षी जगात थोडेच. आपल्यापैकी जे ग्वाल्हेरकडे राहतात ते याला सोनचिरैया या नावाने ओळखतात, गुजरातेत याला घोराड म्हणतात, राजस्थानात गोडावण, तर तेलुगू मुलखात बट्टमेक. पावसाळा लागला की नर गळ्याची पिशवी फुगवून घुमतो आणि तो हुंकार वाऱ्यावर दूरवर जातो. मादी उघड्या जमिनीवर, बहुधा एकच अंडे घालते आणि पिलाचा सांभाळ एकटीच करते. वर्षाकाठी एक अंडे, तेही वाटेवर ठेवल्यासारखे! ज्या पक्ष्याचा संसार असा बेताचा, त्याला थोडीशी आपत्तीही पुरी पडते. डॉ. सलीम अली यांनी हा आपला राष्ट्रीय पक्षी व्हावा असा आग्रह धरला होता. १९६३ साली तो मान मोराला मिळाला.

पहिली आपत्ती बंदुकीची. रॉबर्ट मॅन्सफिल्ड नावाच्या एका गोऱ्या शिकाऱ्याने १८०९ ते १८२९ या वीस वर्षांत अहमदनगरच्या परिसरात एकट्याने ९६१ माळढोक मारल्याची नोंद आहे. त्या काळी ती फुशारकीची गोष्ट होती. पुढे सरकारला पक्ष्यांची काळजी वाटू लागली, तीही बंदुकीपुरतीच. १८८७ चा वन्य पक्ष्यांचा कायदा आणि त्याची जागा घेणारा १९१२ चा कायदा हे दोन्ही मुख्यतः विणीच्या हंगामात शिकार व विक्री बंद ठेवण्यासाठी होते. १९१२ च्या कायद्याच्या परिशिष्टात माळढोकाचे कुळ नावानिशी आहे. त्याच कायद्यात आणखी एक कलम आहे, तेही ध्यानात ठेवण्याजोगे आहे: आपल्या मालमत्तेच्या रक्षणासाठी कोणी प्रामाणिकपणे एखादे जनावर किंवा पक्षी मारला, तर त्याला हा कायदा लागू नव्हता. म्हणजे शेतकऱ्याच्या हक्काची वाट तेव्हाच्या कायद्याने मोकळी ठेवली होती.

स्वातंत्र्यानंतर वन्य प्राणी व पक्षी हा विषय घटनेने राज्यांकडे सोपविला. मुंबई राज्याने १९५१ साली वन्य पशुपक्ष्यांच्या रक्षणाचा स्वतःचा स्वतंत्र कायदा केला. बेळगाव तेव्हा मुंबई राज्यात होते, बडोदेही त्यात विलीन झालेले होते. तेव्हा या दोन्ही शहरांतील श्रोत्यांच्या वाडवडिलांना हाच कायदा लागू होता. पण त्याचाही मुख्य रोख शिकारीवरच होता. नांगराकडे कोणाचे लक्ष नव्हते, आणि ते असण्याचे कारणही कोणास दिसत नव्हते. अन्नधान्य परदेशातून आणावे लागत असताना पडीक माळ लागवडीखाली आणणारा शेतकरी देशकार्य करीत होता, अशीच तेव्हाची भावना होती. ती चुकीची होती असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही.

भावनगरच्या राजघराण्यातील पक्षितज्ज्ञ धर्मकुमारसिंहजी यांनी १९६९ च्या सुमारास देशातील माळढोकांची संख्या १२६० असावी असा अंदाज दिला. तोपर्यंत हा पक्षी अनेक जिल्ह्यांतून नाहीसा झालेला होता. मग १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला. विषय राज्यांचा असल्यामुळे संसदेला तो आपण होऊन करता येत नव्हता. घटनेच्या २५२ व्या अनुच्छेदानुसार अकरा राज्यांच्या विधिमंडळांनी तसे ठराव केले, तेव्हा संसदेने कायदा केला आणि महाराष्ट्राने तो पुढे स्वीकारला. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने हा विषय समवर्ती सूचीत गेला. तरीही अभयारण्य कोठे करावयाचे आणि त्याची सीमा कोठून कोठवर, हे ठरविण्याचा अधिकार राज्य सरकारकडेच राहिला. आपल्या कथेतील खरा निर्णय त्यामुळे दिल्लीत न होता मुंबईस आणि भोपाळास झाला.

येथे पक्ष्याच्या स्वभावाविषयी चार शब्द सांगितले पाहिजेत. वाघासाठी जंगल राखता येते, कारण जंगल बहुतेक सरकारचेच असते. माळढोक जंगलात राहत नाही. त्याला उघडा माळ लागतो, आणि माळाला लागून असलेली कोरडवाहू शेते लागतात. नाकतोडे, भुंगे, सरडे, बोरे, भुईमुगाच्या शेंगा असा त्याचा आहार. आज या माळावर, उद्या चाळीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या माळावर अशी त्याची भटकंती. थोडक्यात, त्याचे घर सातबाराच्या उताऱ्यावर शेतकऱ्याच्या नावाने लागलेले असते.

महाराष्ट्र सरकारने १९७९ साली माळढोक अभयारण्य जाहीर केले. सोलापूर जिल्ह्यातील उत्तर सोलापूर, मोहोळ, माढा, करमाळा आणि अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील कर्जत, श्रीगोंदे, नेवासे अशा तालुक्यांतून ते पसरले होते. क्षेत्रफळ ८४९६ चौरस किलोमीटर! गोव्यातील श्रोत्यांनी कल्पना करावी: आपले अख्खे राज्य ३७०२ चौरस किलोमीटरांचे, तेव्हा अशी दोन राज्ये त्यात मावून वर जागा उरली असती. या अभयारण्यातून आगगाडी धावत होती, त्यात बाजाराची गावे होती, साखर कारखाने होते, लक्षावधी माणसे होती. वनखात्याची जमीन त्यात अगदी थोडी. पक्षी दूरवर भटकतो म्हणून जाळे दूरवर टाकले, हा विचार शास्त्राला धरून होता, यात शंका नाही. नकाशावरची रेघ मात्र फार स्वस्तात मारली गेली.

ती स्वस्त कशी, हे समजण्यासाठी १९७२ च्या कायद्यातील दोन कलमे एकमेकांशेजारी ठेवून वाचली पाहिजेत. विसावे कलम म्हणते की अभयारण्याची अधिसूचना निघाल्यानंतर त्या हद्दीतील जमिनीवर कोणालाही नवा हक्क मिळणार नाही; अपवाद एकच, वारसाने किंवा मृत्युपत्राने येणारा हक्क. म्हणजे बापाची जमीन मुलाला मिळेल, पण शेजाऱ्याला विकता येणार नाही. त्यानंतरची कलमे जिल्हाधिकाऱ्याला सांगतात की लोकांचे हक्क काय आहेत याची चौकशी कर. आणि चोविसावे कलम सांगते की एक तर ती जमीन हद्दीबाहेर काढ, नाही तर मोबदला देऊन ती सरकारात घे. कायदा करणाऱ्यांनी तराजूची दोन्ही पारडी दिली होती. प्रत्यक्षात विसावे कलम अधिसूचनेच्या दिवशीच, आपोआप लागू झाले. चोविसाव्या कलमासाठी अधिकारी लागतात, मोजणीदार लागतात आणि पैसा लागतो. ८४९६ चौरस किलोमीटर म्हणजे सुमारे एकवीस लाख एकर. एवढ्या जमिनीचा मोबदला कोणते सरकार देणार?

वर्गात हा विषय निघाला असता एका मुलाने मला विचारले, "सर, मग पक्षी सांभाळण्याचा खर्च कोणी केला?" प्रश्न अगदी सरळ होता. उत्तर असे की तो खर्च अंदाजपत्रकात कोठेच दिसला नाही, म्हणून कोणी केला हेही फार वर्षे कोणास दिसले नाही.

तो सर्वांत स्पष्ट दिसला तो ग्वाल्हेरपासून फार दूर नसलेल्या करेऱ्याला. मध्यप्रदेशात शिवपुरी जिल्ह्यात, झाशीच्या वाटेवर हे गाव आहे. तेथील माळावर सोनचिरैया आहेत हे कळल्यावर सरकारने १९८१ साली २०२ चौरस किलोमीटरांचे अभयारण्य केले. त्याच वर्षी ग्वाल्हेरच्या उंबरठ्यावर घाटीगावलाही दुसरे झाले. करेऱ्याच्या अभयारण्यात ३२ गावे आली आणि जमीन बहुतेक महसुली किंवा खाजगी होती. मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेचे डॉ. असद रहमानी आणि त्यांचे सहकारी तेथे वर्षानुवर्षे राहून या पक्ष्याचा अभ्यास करीत होते. माळढोकाच्या वागणुकीविषयी आज आपल्याला जे ठाऊक आहे त्याचा मोठा भाग त्याच काळातला. पहिली काही वर्षे गावकऱ्यांचा विरोध नव्हता. शिकार थांबली, पक्षी टिकले, काहीसे वाढलेही.

मग शेतकऱ्याला गरज पडली. मुलीचे लग्न, वडिलांचे आजारपण, सावकाराचे देणे, अशा वेळी आपल्याकडचा शेतकरी काय करतो हे आपणांस वेगळे सांगावयास नको. तो एक-दोन बिघे विकतो. करेऱ्याच्या शेतकऱ्याला ते करता येईना. जमीन त्याचीच होती, शेतसाराही तोच भरीत होता, पण ती त्याच्या अडीअडचणीला उपयोगी पडत नव्हती. त्यात संरक्षणामुळे काळविटांची संख्या भराभर वाढली आणि शेकड्यांनी कळप उभ्या पिकांत शिरू लागले. काळवीटही पहिल्या परिशिष्टातला, त्याला धक्का लावणे गुन्हा. १९१२ च्या कायद्यातील मालमत्तेच्या रक्षणाची ती सरसकट सूट आता इतिहासजमा झाली होती. ज्या पक्ष्याने कोणाचे दाणेही फारसे खाल्ले नव्हते, त्याच्या नावाने सगळा राग निघू लागला. तो आहे तोपर्यंत आपली सुटका नाही, अशी समजूत गावोगाव पक्की झाली. जमिनीवर एकच अंडे घालणाऱ्या पक्ष्याला नाहीसे करण्यासाठी बंदूक लागत नाही. गुरे जरा अधिक मोकळी सोडली, माळ नांगरून घेतला, अंड्याजवळून कुत्रे जाऊ दिले, तरी पुरते. १९९० नंतरच्या दशकाच्या मध्यापर्यंत करेऱ्याहून सोनचिरैया नाहीशी झाली.

आणि तरीही अभयारण्य राहिले! पक्षी गेला, विसावे कलम राहिले. बत्तीस गावांचे जमिनीचे व्यवहार त्यानंतर कित्येक वर्षे अडून होते. शेवटी राज्य सरकारनेच ते अभयारण्य रद्द व्हावे म्हणून धाव घेतली, तेव्हा ध्यानात आले की मारलेली रेघ पुसणे हे मारण्याहून फार कठीण काम आहे. सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर २००० रोजी आदेश दिला होता की न्यायालयाच्या संमतीवाचून कोणतेही अभयारण्य रद्द करावयाचे नाही. न्यायालयाची भीती अनाठायी नव्हती. खाणी, धरणे आणि कारखाने यांच्यासाठी राज्ये अभयारण्यांचे लचके तोडू पाहत होती. पण खाणीच्या मालकासाठी लावलेल्या कुलपात दोन बिघ्यांचा धनीही अडकला.

महाराष्ट्रात गोष्ट याहून संथपणे घडली. पहिल्या काळात अनेकांना आपले शेत अभयारण्यात आहे याचा पत्ताही नव्हता. अधिसूचना राजपत्रात होती आणि शेती पूर्वीसारखी चालली होती. नान्नजला तर चांगले दिवस होते. अवर्षणप्रवण क्षेत्राच्या योजनेतून काही माळ चराईपासून राखून ठेवले होते, तेथे गवत वाढले आणि माळढोकांची वीण होऊ लागली. या काळातील वनरक्षकांनी आणि सोलापूरच्या हौशी पक्षिनिरीक्षकांनी केलेले काम विसरता येणार नाही. मात्र याच सुमारास, १९८० मध्ये, भीमेवरचे उजनी धरण पुरे झाले. माढा, मोहोळ, करमाळा या भागांत पाणी आले आणि पाण्यामागून ऊस आला. ज्याने पिढ्यान्‌पिढ्या दुष्काळ पाहिला त्याने ऊस लावू नये, असे सांगणारा मी कोण? उसात मात्र माळढोक राहू शकत नाही. गंमत अशी की वनखात्यानेही काही माळांवर गिरिपुष्पासारखी झाडे लावली. माळ म्हणजे उजाड जमीन आणि झाड म्हणजे सुधारणा, हा आपला जुना समज त्या खात्यातही होता. ती झाडे पुढे काढावी लागली.

१९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना बजावले की अभयारण्यांतील हक्कांची राहिलेली चौकशी एका वर्षात संपवा. तेथून झोपलेला कायदा जागा झाला. जमीन बिनशेती करणे, कारखाना काढणे, रस्ता रुंद करणे, अशा प्रत्येक ठिकाणी अभयारण्याचे नाव पुढे येऊ लागले आणि सात तालुक्यांत माळढोक हा शब्द शिवीसारखा वापरला जाऊ लागला. सरकारने समित्या नेमल्या, अहवाल आले, प्रकरण न्यायालयात गेले. अखेर २०१२ साली अभयारण्य ८४९६ चौरस किलोमीटरांवरून सुमारे १२२२ वर आणले गेले. शेतकऱ्याला न्याय मिळाला खरा, पण ३३ वर्षांनी. तोवर पक्षी मूठभर उरले होते. अलीकडच्या गणनांत नान्नजला एखाद-दुसऱ्या पक्ष्यापलीकडे आकडा जात नाही.

एवढ्यावरून कोणी म्हणेल की अभयारण्य लहान आणि सरकारी जमिनीपुरते केले असते तर सगळे ठीक झाले असते. तसेही नाही. हैदराबादकडील श्रोत्यांना रोल्लापाडू ठाऊक असेल. पूर्वीच्या कर्नूल जिल्ह्यात १९८८ साली अवघ्या सहा चौरस किलोमीटरांचे अभयारण्य झाले. तेथे जमिनीवरून फारसे भांडण नव्हते. पण कुंपणाबाहेर कालव्याचे पाणी आले, पिके बदलली, आणि कुंपणाच्या आतला पक्षी बाहेरच्या शेतांवाचून जगू शकला नाही. तेव्हा शेतकऱ्याला वगळून हा पक्षी वाचविता येत नाही, मग रेघ मोठी असो की लहान.

कायद्याला ही गोष्ट उशिरा का होईना कळली. १९९१ च्या दुरुस्तीने जिल्हाधिकाऱ्याला अभयारण्यात लोकांचे जुने हक्क चालू ठेवण्याची मुभा मिळाली. २००२ च्या दुरुस्तीने सामुदायिक राखीव क्षेत्र अशी एक नवी सोय केली: गावाने किंवा जमीनमालकाने स्वखुशीने आपली जमीन वन्यजीवांसाठी राखावयाची, मालकी त्याचीच राहावयाची. ही सोय १९७९ साली असती तर, असे मनात आल्यावाचून राहत नाही.

मध्यप्रदेशात याहून साधा एक प्रयोग झाला आहे. इंदूरच्या श्रोत्यांना रतलामजवळचे सैलाना माहीत आहे. माळढोकाचाच एक लहान भाऊबंद, ज्याला आपण तणमोर आणि माळव्यात खरमोर म्हणतात, तो पावसाळ्यात विणीसाठी तेथे येतो. १९८३ साली सैलान्याला एक लहान आणि धार जिल्ह्यात सरदारपूरला एक विस्तीर्ण अशी दोन अभयारण्ये झाली. सरदारपूरच्या गावांनी जमिनीच्या खरेदी-विक्रीवरून तीच करेऱ्याची कर्मकहाणी भोगली. पण २००५ पासून वनखात्याने एक पद्धत सुरू केली: ज्याच्या शेतात खरमोर दिसेल त्याने कळवावे, पक्ष्याला सांभाळावे आणि रोख बक्षीस घ्यावे. रक्कम लहान होती आणि तेवढ्याने खरमोर वाचला असे म्हणता येत नाही. तो अजूनही दुर्मीळच आहे. तरी पक्षी आपल्या शेतात उतरला ही बातमी दडविण्याऐवजी शेतकरी आपण होऊन सांगू लागला, हा फरक लहान नव्हे.

आज माळढोकांची संख्या दीडशेच्या आतबाहेर मानली जाते, आणि ते बहुतेक जैसलमेरच्या वाळवंटी माळांवर आहेत. तेथे वाद जमिनीवरून उठून तारांवर गेला आहे. सौर आणि पवनविजेच्या वाहिन्या या जड पक्ष्याला उडताना दिसत नाहीत आणि तो त्यांवर आदळून मरतो. १९७२ चा कायदा घडविण्यात ज्यांचा मोठा हात होता त्या डॉ. रणजितसिंह यांनीच न्यायालयात धाव घेतली, आणि एप्रिल २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजस्थान-गुजरातच्या माळढोक क्षेत्रांतील वाहिन्या, शक्य तेथे, जमिनीखालून न्याव्यात असा आदेश दिला. सुमारे ९९ हजार चौरस किलोमीटरांचा तो प्रदेश. पुन्हा तीच मोठी रेघ! सरकारने खर्चाची, तांत्रिक अडचणींची आणि हवामानबदल रोखण्यासाठी स्वच्छ विजेच्या गरजेची बाजू मांडली. मार्च २०२४ मध्ये न्यायालयाने आपला सरसकट आदेश मागे घेतला आणि कोठे काय करावे हे ठरविण्यासाठी तज्ज्ञांची समिती नेमली.

तो निर्णय बरोबर की चूक हे सांगण्याइतके विजेचे ज्ञान मला नाही. मला एवढेच दिसते की वीजवाहिन्यांची अडचण ऐकून घेतली जाण्यास तीन वर्षे पुरली. मोहोळ-माढ्याच्या शेतकऱ्याला तेहतीस लागली होती, आणि करेऱ्याच्या शेतकऱ्याचे म्हणणे ऐकले जाईपर्यंत ज्याच्याविषयी ते होते तो पक्षीच तेथे राहिला नव्हता.